साल्वोरची ओळ

उत्तरेच्या बर्फाळ बेटावरच्या आमच्या गावात टेलिफोनच्या पुस्तकाइतका मान दुसऱ्या कुठल्या पुस्तकाला नव्हता, आणि त्या पुस्तकाच्या चिठ्ठ्या एकतीस वर्षं माझ्या हातून गेल्या. मी सिग्नी, पोस्ट आणि टेलिफोनच्या कचेरीतली. माझी जीभ जरा तिखट आहे हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी दचकायला नको. आणि हेही सांगते, की साल्वोरचे माझ्यावर उपकार आहेत. ते कसे, एवढंच सांगायला बसलेय.

आमच्याकडे आडनावाची भानगड नाही. बापाचं नाव मागे लावायचं, आणि पाळण्यातल्या पोरापासून बिशपपर्यंत सगळ्यांना नुसत्या नावाने, ‘तू’ म्हणून हाक मारायची. पुस्तकातही सगळे नावानेच लागलेले. एका नावाची माणसं पुष्कळ, म्हणून नावापुढे ज्याचा त्याचा कामधंदा छापत. गंमत अशी, की कामधंदा काय लिहायचा ते ज्याचं त्याने ठरवायचं. कुणी तपासत नसे. जानेवारीत लोक माझ्या खिडकीशी येऊन चिठ्ठी भरून देत, मी ती राजधानीला पाठवत असे, आणि मे महिन्यात नवं जाडजूड पुस्तक येत असे.

पुरुषांना या ओळीचा भारी उत्साह. एकदाच शेजारच्या फेरो बेटांवर जाऊन आलेला एक मेंढपाळ स्वतःला ‘जगप्रवासी’ म्हणवत असे. चर्चची घंटा वाजवणारा ‘संगीतकार’ होता. ‘सूला’ बोटीचा तांडेल रेमार हा ‘तांडेल आणि कवी’ होता. कविता त्याने जन्मात एकच केली, बायकोच्या पन्नाशीला, आणि ती बायकोला आवडली नव्हती. लोक हसत, पण नावं कुणी ठेवत नसे. बायकांच्या चिठ्ठ्या मात्र मी न वाचताही पाठवल्या असत्या. गृहिणी, गृहिणी, गृहिणी. मासळीच्या कारखान्यात दहा दहा तास उभी राहणारी, तीसुद्धा गृहिणी.

साल्वोर कोल्बेन्सदोत्तिर, म्हणजे कोल्बेनची लेक, हीदेखील गृहिणी.

आता ही गृहिणी सकाळी आठला घराबाहेर पडायची ती संध्याकाळी सहाला घरी यायची. मधला सगळा वेळ धक्क्यावरच्या जाळ्यांच्या माडीवर, जिथे बोटींची जाळी विणतात नि शिवतात. तिथला मेस्त्री एबेनेसेर. तिची धाकटी शाळेत जायला लागली तेव्हा साल्वोर त्याच्याकडे सुयांवर दोरा भरून द्यायला म्हणून गेली. चपट्या सुईवर दोरा गुंडाळायचा, एवढंच काम. दोन वर्षांत गाठी मारायला लागली, पाच वर्षांत जाळं कापून बेतायला लागली. मग एबेनेसेरच्या बोटांना संधिवाताने धरलं. बोटं अशी वळली की सुई धरवेना. तेव्हापासून तो शेगडीजवळ बसून कॉफी प्यायचा, हवामानाच्या बातम्या ऐकायचा, आणि माडीतलं सगळं काम साल्वोर करायची. एक वर्ष नाही, दोन नाही, चांगली नऊ वर्षं. तयार जाळ्याला लाकडाची चकती बांधायची रीत होती आणि चकतीवर नाव डागलेलं असायचं एबेनेसेरचं.

तीनशे माणसांचं गाव. इथे कुणाच्या घरी सूप करपलं तर वास यायच्या आधी बातमी येते. नऊ वर्षं एबेनेसेरला सुई धरता येत नाही हे सगळ्यांना माहीत होतं. तरी जाळं बोटीवर चढलं की तांडेल म्हणायचे, “एबेनेसेरचा हात तो एबेनेसेरचा हात.” आणि साल्वोर बाजूला उभी राहून दोर गुंडाळत असायची.

उंच बाई, थोडी पोक काढून चालणारी, बोलणं अगदी कमी. फाटलेल्या जाळ्यावरून नुसती बोटं फिरवून कुठे जाळीची किती घरं तुटली ते सांगायची. उरलेल्या दोऱ्याचं तिने शाळेच्या पोरांना फुटबॉलच्या गोलाला जाळं करून दिलं होतं. तिचा नवरा दागुर मासळीच्या कारखान्यात होता, गरीब स्वभावाचा, बायकोचं कौतुक मनातल्या मनात करणारा. मनातल्या मनातलं कौतुक कुणाच्या उपयोगी पडतं ते मला कुणीतरी सांगा.

त्या वर्षी हिवाळ्याच्या तोंडाला एबेनेसेरने जाहीर केलं, की मे अखेर तो माडी सोडून लेकीकडे दक्षिणेला जाणार. माडी बंदराच्या मालकीची. ती पुढे कुणाला द्यायची ते गावातले पाच तांडेल ठरवणार होते. पलीकडच्या खाडीतला ओस्वाल्द नावाचा मेस्त्री टपूनच बसला होता. त्याने पाचही जणांना छापील पत्रक पाठवलं. वर त्याचा फोटो, खाली ‘तीन खाड्यांतले सर्वात भरवशाचे हात’. पाचही पत्रकं माझ्याच हातून वाटली गेली, आणि पाकिटं नीट चिकटवलेली नव्हती, त्याला मी काय करू?

मी साल्वोरला विचारलं, “तू सांगितलंस का त्यांना, माडी तुला हवीय म्हणून?”

“त्यांना माहीत आहे की,” ती म्हणाली. “सतरा वर्षं तिथे काय कॉफी प्यायला बसलेय?”

“कॉफी प्यायला बसणाऱ्याचंच नाव होतंय तिथे.”

तिने खांदे उडवले. पण तिला माडी हवी होती, फार हवी होती, हे मला ठाऊक होतं. ओस्वाल्द आला असता तर स्वतःची दोन माणसं घेऊन आला असता. मग साल्वोरला कारखान्याच्या पट्ट्याशी उभं राहून मासे साफ करावे लागले असते. कामाला कमीपणा नाही, पण ज्या हाताला एक विद्या आलीय त्याने दुसरीकडे का झिजावं?

जानेवारीत शेवटच्या आठवड्यात ती चिठ्ठी भरायला आली. दुपारचे दोन वाजले होते, कचेरीत चिटपाखरू नव्हतं. तिने चिठ्ठी सरकवली. नाव, गृहिणी, पत्ता.

“परत गृहिणी?” मी म्हटलं.

“आहेच की मी.”

“आहेस. मी पण जेवते रोज, म्हणून मी ‘जेवणारी’ असं लिहीत नाही. हे घे, दुसरी चिठ्ठी. नीट लिही.”

तिने दुसरी चिठ्ठी घेतली, पेन तोंडात धरलं, आणि लिहिलं ‘जाळ्यांच्या कामात मदत’.

“मदत? कुणाला? शेगडीला?”

तिसऱ्या चिठ्ठीवर ‘जाळी, थोडंफार’. मी ती तिच्या डोळ्यांदेखत फाडली. चौथी तिने अर्धी लिहिली आणि खोडली.

“सिग्नी, पुरे कर. आपलीच आरती आपणच ओवाळायची म्हणजे कसं दिसतं? माझी आई म्हणायची, उथळ पाण्याला खळखळाट फार.”

“आणि खोल पाण्याकडे कुणी ढुंकून बघत नाही, हे नाही का म्हणायची? बोलणाऱ्याची माती विकली जाते बाई, न बोलणाऱ्याचं सोनं पडून राहतं. तो ओस्वाल्द माती घेऊन दारात उभा आहे.”

“त्याचं काम माती नाहीये. बरं असतं,” साल्वोर म्हणाली. प्रतिस्पर्ध्याची बाजू घेणारी असली बाई मी दुसरी पाहिली नाही. तिने पहिली चिठ्ठी उचलून पुन्हा माझ्यापुढे ठेवली आणि टोपी कानावर ओढून निघून गेली.

मी त्या चिठ्ठीकडे बघत बसले. माझं डोकं तापलं, आणि माझं डोकं तापलं की हात थांबत नाही. मी ‘गृहिणी’ खोडलं आणि तिच्या अक्षरासारखं अक्षर काढून लिहिलं ‘जाळी-मेस्त्री’. चिठ्ठी राजधानीच्या थैलीत टाकली आणि फार मोठं पुण्य केल्यासारखी घरी गेले.

पण माझ्या तोंडात तीळ भिजत नाही. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी माडीवर गेले. डांबराचा वास, छताला टांगलेली जाळी, शेगडीशी पेंगणारा एबेनेसेर. साल्वोर खिडकीपाशी उभी राहून ‘सूला’चं जाळं शिवत होती. मी तिला हळूच सांगितलं, हसत हसत. मला वाटलं, लाजेल, रागावल्यासारखं करेल आणि मग गप्प बसेल.

तिने सुई खाली ठेवली. “मेस्त्री व्हायला सनद लागते,” ती म्हणाली. “परीक्षा द्यावी लागते. एबेनेसेरकडे सनद आहे, ओस्वाल्दकडे आहे. माझ्याकडे नाही. ज्याच्याकडे सनद नाही त्याने स्वतःला मेस्त्री म्हणवणं हा गुन्हा आहे, माहीत आहे तुला? मे महिन्यात ओस्वाल्द पुस्तक उघडेल आणि सगळ्या बंदरांत सांगत फिरेल, ही बाई खोटारडी आहे. मग मला दोन वाव लांबीचं जाळंसुद्धा कुणी देणार नाही.”

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. “मी तुझ्या भल्यासाठी...”

“तू मला विचारलंस?” तिचा आवाज चढला नव्हता, म्हणूनच जास्त लागला. “नऊ वर्षं माझ्या कामावर एबेनेसेरचं नाव आहे, मला न विचारता. आता माझ्या नावापुढे तुझ्या मनातलं, मला न विचारता. तुमच्यात फरक काय? आणि तुझ्या स्वतःच्या ओळीत काय आहे गं, सिग्नी?”

माझ्या ओळीत काय होतं ते तिला माहीत होतं. तेव्हा खिडकीमागे बसून मला बावीस वर्षं झाली होती, टेलिफोनच्या सगळ्या जोडण्या मला तोंडपाठ होत्या, आणि पुस्तकात मी होते ‘गृहिणी’. दुसऱ्यांच्या डोळ्यातलं कुसळ काढता काढता माझ्या डोळ्यातलं मुसळ मला दिसलंच नव्हतं. शरमेने माझे कान तापले.

नशीब एवढंच, की बर्फामुळे दोन दिवस टपालाचं विमान उडालं नव्हतं आणि थैली कचेरीतच पडून होती. मी धावत जाऊन चिठ्ठी काढली आणि आणून तिच्या हातात दिली. तिने घडी करून खिशात टाकली.

“सोमवारी शेवटचा दिवस आहे,” मी म्हटलं.

“आणि रविवारी तांडेल ठरवणार आहेत,” ती म्हणाली. “तिथे तू माझ्यावतीने एक अवाक्षर बोलणार नाहीस. शपथ घे.”

मी शपथ घेतली. एबेनेसेरने एक डोळा उघडला आणि मिटला. तो जागा होता की काय कोण जाणे.

रविवारी सूर्याची कॉफी होती. नोव्हेंबरात डोंगरामागे गेलेला सूर्य परत पहिल्यांदा गावात डोकावतो त्या दिवशी सगळं गाव शाळेच्या सभागृहात जमतं, पॅनकेक खातं आणि कॉफी पितं. त्या दिवशी तो चार मिनिटं आला. सगळ्यांनी खिडकीशी गर्दी केली, बायकांनी डोळे पुसले, पुरुषांनी नाक शिंकरलं, आणि सगळे टेबलांवर जाऊन बसले. पाच तांडेल एका टेबलाशी. एबेनेसेर त्यांच्या शेजारी. बायका नेहमीप्रमाणे वाढायला. साल्वोरच्या हातात कॉफीची किटली होती, माझ्या हातात पॅनकेकचं ताट.

रेमारने खिशातून पत्रक काढलं आणि मोठ्याने वाचलं, “‘तीन खाड्यांतले सर्वात भरवशाचे हात.’ आणि फोटोत बघा, पठ्ठ्याने हाताची घडी घातलीय. हात कुठायत?”

सगळे हसले. ह्याल्ती तेवढा हसला नाही. तो पाचांतला सगळ्यात तरुण तांडेल, सरळ डोक्याचा. “हसू नका,” तो म्हणाला. “माणूस निदान सांगतो तरी, मी आहे म्हणून. एबेनेसेर गेल्यावर आपल्याकडे आहे कोण?”

सगळ्यांनी आपापल्या कपात बघितलं. साल्वोर ह्याल्तीच्या खुर्चीमागे उभी होती. मी जीभ दाताखाली धरली. इतक्या वर्षांच्या नोकरीत एवढं कष्टाचं काम मी कधी केलं नव्हतं. माझ्या ताटातला एक पॅनकेक घसरून खाली पडला, तो उचलायचंही मला सुचलं नाही.

साल्वोरने ह्याल्तीचा कप भरला आणि किटली टेबलावर ठेवली.

“मी आहे,” ती म्हणाली.

“काय?” ह्याल्तीने मान वळवली.

“विचारलंस ना, कोण आहे. मी आहे. गेल्या मार्चमध्ये तुझं जाळं खडकाला लागून अकरा वाव फाटलं. दुपारी आणून टाकलंस आणि म्हणालास, परवा हवं. परवा मिळालं. ते मी शिवलं, ह्याल्ती. आणि रेमार, तुझं नवं जाळं, जे तू मागच्या उन्हाळ्यात पाहुण्यांना हात लावून लावून दाखवत होतास, ते पहिल्या घरापासून शेवटच्या घरापर्यंत मी विणलंय. मापं मी घेतली, कापलं मी, बांधलं मी.” तिची मान लाल झाली होती आणि आवाज कापत होता, पण ती थांबली नाही. बाकीच्या तिघांचीही जाळी तिने एकेक करून सांगितली, कुठलं कधी फाटलं, किती दिवसांत झालं. बढाई म्हणून एक शब्द नव्हता त्यात. नुसतं जे झालं ते.



“सनद माझ्याकडे नाही,” ती म्हणाली. “ओस्वाल्दकडे आहे. त्याचं काम मी पाहिलंय, वाईट नसतं. माझं त्याच्यापेक्षा चांगलं असतं. माडी मला हवी आहे.”

आमच्या गावात बाईने स्वतःबद्दल असं वाक्य चारचौघांत बोललेलं मी तरी कधी ऐकलं नव्हतं. दागुर भिंतीशी उभा होता. त्याने एक मोठा हुंदका दिला आणि तो खोकला आहे असं दाखवलं.

रेमार चुळबुळला. “साल्वोर, अगं आम्हाला माहीतच होतं की हे.”

“मग बोलला का नाहीस?”

“तू कधी म्हणाली नाहीस.”

“आता म्हणतेय.”

“कवीला शब्द सुचेनात वाटतं,” पॅनकेकच्या टेबलामागून रेमारची बायको म्हणाली, आणि तिथे थोडा वेळ हसू फुटलं.

मग एबेनेसेर उठला. त्याला उठायला वेळ लागायचा. त्याने दोन्ही हात पुढे केले, टेबलावर ठेवले. बोटं एकमेकांवर चढलेली, वाळक्या मुळांसारखी.

“हे बघा,” तो म्हणाला. “या हातांनी नऊ वर्षांत मी बुटाची नाडी बांधलेली नाही. तीसुद्धा ही बांधते, येताना नि जाताना. तुम्ही मला शाबासकी देत होता आणि मी ती खिशात घालत होतो. मला वाटायचं, ही एक दिवस बोलेल, मग मी हो म्हणेन. ही बोलेना, आणि मला ते सोयीचं पडलं. मला घरी बसवलं असतं तर मी दुसऱ्याच हिवाळ्यात मेलो असतो. हिने मला माडीवर ठेवलं, माझं नाव राखलं.” तो साल्वोरकडे वळला. “तुझे उपकार मी फेडू शकत नाही, पोरी. पण तुझ्या सतरा वर्षांच्या कामाचं लिहून देतो, सनदेला ते लागतं. सगळं, वर्षवार. परीक्षेला बस.”

“सही करता येईल?” ह्याल्तीने विचारलं. तो सरळ डोक्याचा होता म्हटलं ना मी.

“तासभर लागेल,” एबेनेसेर म्हणाला. “पण करीन.”

पाच जणांनी तिथेच ठरवलं. मे महिन्यात साल्वोर परीक्षा पास झाली तर माडी तिची. नाही झाली तर ओस्वाल्दला कळवायचं. तोपर्यंत एबेनेसेर बसेल. पाचही हात वर गेले. साल्वोरने किटली उचलली आणि बाकीच्यांचे कप भरायला लागली, तेव्हा रेमारच्या बायकोने ती तिच्या हातातून काढून घेतली आणि तिला खुर्चीवर बसवलं. माझ्या शपथेची मुदत संपली आहे असं मी गृहीत धरलं आणि तिला गच्च मिठी मारली.

सोमवारी सकाळी मी कचेरी उघडायला गेले तर ती आधीच पायरीवर उभी.

“मागच्या भेटीबद्दल आभार,” ती म्हणाली.

ही आमच्याकडची रीतच. कुणी भेटलं की आधी मागच्या भेटीचे आभार मानायचे, मग बाकीचं. आपण तोंडाने म्हणतो, मनात काही नसतं. पण माडीवरच्या त्या भांडणानंतर ती माझ्याशी धड बोलली नव्हती, आणि त्या सकाळी ती मनापासून म्हणतेय हे मला कळलं.

“मी खोटं लिहिलं होतं, साल्वोर,” मी म्हटलं. “माफ कर.”

“लिहिलंस. मला फार राग आला. रागात दोन दिवस विचार केला, की हे खोटं, तर मग खरं काय. हा विचार मी आधी कधी केलाच नव्हता. तेवढ्यापुरते तुझे आभार. पुन्हा मात्र असं करू नकोस.”

मी कोरी चिठ्ठी घेतली, पेन उघडलं, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा खिडकीबाहेरच्या माणसाला विचारलं, “काय लिहू?”

“दे इकडे,” ती म्हणाली आणि स्वतः लिहिलं. साल्वोर कोल्बेन्सदोत्तिर, जाळी विणते.

“नुसतं विणते? दुरुस्त पण करतेस, बेततेस पण...”

“सिग्नी.”

“गप्प बसते.”

ती गेल्यावर मी माझी स्वतःची चिठ्ठी काढली. ‘टेलिफोन कचेरी चालवते’ असं लिहिलं. दुपारी रेमारची बायको आली, म्हणाली, माझी पण बदलायचीय. तेवीस वर्षं ती मासे सोलत होती, सोललेल्या माशात काटा सापडला अशी तक्रार एकदाही आली नव्हती, आणि तिने ते तसंच्या तसं लिहायला लावलं. ओळीत बसेना, पण मी बसवलं. संध्याकाळी कचेरी बंद करेपर्यंत अकरा बायका आल्या. मी प्रत्येकीला विचारलं, काय लिहू? काहींना पटकन सांगता आलं, काही बराच वेळ उभ्या राहिल्या. एक जण विचार करून करून ‘गृहिणी’च म्हणाली, आणि मी तेही आनंदाने लिहिलं, कारण तिने ते ठरवून सांगितलं होतं. साल्वोरचे उपकार म्हणते ते हेच. बावीस वर्षं मी लोकांची नावं पाठवत होते. ऐकायला मी त्या दिवशी शिकले.

मे महिन्यात साल्वोर परीक्षेला राजधानीला गेली. जन्मात पहिल्यांदा विमानात बसली. एबेनेसेरने लिहून दिलेली पानं तिने स्वेटरच्या आत ठेवली होती. सही खरंच तासभर चालली होती, मी साक्षीदार होते. त्याने मधे दोनदा थांबून हात शेगडीवर शेकले आणि कुणालाही मदत करू दिली नाही.

तीन दिवस कुणाचंच कामात लक्ष नव्हतं. एबेनेसेर माडीवर एकटा बसायचा आणि कुणाचा पाय जिन्यावर वाजला की विचारायचा, “फोन आला?” ह्याल्ती दोनदा कचेरीत येऊन काही न विचारता तिकिटं घेऊन गेला. चौथ्या दिवशी तिचा फोन आला. तार खरखरत होती. “झाले,” एवढंच म्हणाली. मी कचेरीला कुलूप लावलं, भर दिवसा, नियमाविरुद्ध, आणि धक्क्यावरून ओरडत माडीपर्यंत गेले. एबेनेसेर खिडकीशी उभा राहून रडला, आणि त्याला डोळे पुसता येईनात म्हणून मी पुसले.

ती परत आली त्याच दिवशी सकाळी नवी पुस्तकं आली होती. विमानतळावरून ती सरळ कचेरीत आली, काखेत सनद गुंडाळलेली, चेहरा झोप न झाल्यासारखा. मी तिला कॉफी दिली. सनद उलगडून वाचली. त्यावर शिक्का होता आणि मोठ्या अक्षरात ‘जाळी-मेस्त्री’ होतं.

“पुढच्या वर्षी हेच घालायचं ना ओळीत?” मी म्हटलं. “विचारतेय हं मी.”

तिने गठ्ठ्यातलं एक पुस्तक ओढलं, पानं उलटली, आणि बोट खाली खाली नेत स्वतःच्या नावावर थांबली. बराच वेळ वाचत होती. ओळ तर केवढीशी.

“राहू दे,” ती म्हणाली.

“अगं, आता तर ते खरं आहे.”

“खरं आहे. पण ते परीक्षकांनी लिहिलंय. हे मी लिहिलंय.”

मी दर जानेवारीत तिला विचारत राहिले, आणि दर जानेवारीत तिने तेच सांगितलं.